पावाच्या भट्टीवरचे जिवाणू

आईचे गुडघे दुखायचे म्हणून आम्ही दोघी पालीजवळच्या उन्हेऱ्याच्या गरम पाण्याच्या कुंडावर गेलो, आणि माझ्या आयुष्यातली पुढची बरीच वर्षं त्या एका फेरीतून निघाली. तेव्हा तसं काही वाटलं नव्हतं. रविवार होता, हिवाळ्याचे दिवस होते आणि आईला शेजारच्या वाडीतल्या कुणीतरी सांगितलं होतं की चार वेळा जाऊन बसलीस की जिना चढता येईल.

मी अलिबागच्या खाली, किनाऱ्यावरच्या एका लहानशा कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. बाबा गेल्यावर मी आणि आई, आम्ही दोघीच घरात. आई गावातल्या शाळेत शिक्षिका होती. निवृत्त झाल्यावर ती घरामागची नारळी-सुपारीची वाडी बघायची. माझं पीएच.डी.चं घोडं अडलेलं होतं, कारण मला विषयच सुचत नव्हता. माझ्या मार्गदर्शक मॅडम मुंबईला होत्या. त्यांच्याकडे गेले की मी दूरदेशीचे विषय घेऊन जायची आणि त्या ते शांतपणे ऐकून घ्यायच्या. शेवटी एकदा म्हणाल्या, "तुझ्या कॉलेजात यंत्रं नाहीत, पैसा नाही. मग जे तुझ्या आसपास आहे आणि आमच्याकडे नाही, ते बघ ना."

कुंडाच्या काठावर बायका पाय सोडून बसल्या होत्या. आईने साडी गुडघ्यापर्यंत घेतली, पाय पाण्यात टाकले, चटका बसल्यासारखे वर घेतले आणि पुन्हा हळूहळू टाकले. थोड्या वेळाने तिचा चेहरा सैल पडला. शेजारच्या बाईशी तिची ओळखही निघाली. मी मात्र जिथून पाणी उकळ्या मारत वर येतं तिथल्या दगडावरचा बुळबुळीत हिरवट-तपकिरी थर बघत होते. एवढ्या गरम पाण्यात कुणीतरी जगत होतं.

थर्मासमधला उरलेला चहा मी ओतून दिला, थर्मास खळबळून धुतला आणि त्यात कुंडातलं पाणी आणि तो थर भरून घेतला.

"चहाच्या थर्मासमध्ये?" आईने विचारलं.

"गरम राहायला पाहिजे, आई. थंड झालं तर मरतील."

"मग नवा थर्मास आणायचा तूच," ती म्हणाली आणि पुन्हा शेजारणीकडे वळली.

प्रयोगशाळेत आमच्याकडे एक जुनं ओव्हन होतं, काचेची भांडी वाळवायचं. तेच मी पन्नास-पंचावन्न अंशांवर ठेवून वापरायला घेतलं. एवढ्या उष्णतेत काचेच्या बशांमधलं अगर, म्हणजे जिवाणूंना वाढायला घातलेली जेली, पापडासारखी वाळून जायची. मग मी बशा ओल्या फडक्यात गुंडाळून पोळ्यांच्या स्टीलच्या डब्यात ठेवायला लागले. डबा आईचाच होता.

त्या कुंडातून बरेच जिवाणू निघाले. त्यांतला एक मला आवडला, कारण तो पिठूळ खाणं खायचा. बहुतेक जिवाणूंना साखर लागते आणि साखर महाग. हा भाताच्या पेजेवर वाढत होता. मग एक दिवस मी त्याला एक विशिष्ट रंग दिला आणि अतिनील दिव्याखाली बशी धरली. सगळे ठिपके केशरी चमकायला लागले. हा रंग पेशीतल्या चरबीसारख्या साठ्याला धरतो, आणि काही जिवाणूंचा हा साठा म्हणजे चक्क प्लास्टिक असतं. खायला भरपूर मिळालं पण वाढायला लागणारं नत्र कमी पडलं, की हे जिवाणू जास्तीचं अन्न पोटात दाण्यांच्या रूपात साठवून ठेवतात. ते दाणे बाहेर काढले, विरघळवले आणि पसरले, की प्लास्टिकचा पापुद्रा तयार होतो. मातीत पुरला की मातीतले दुसरे जिवाणू तो खाऊन टाकतात. समुद्रात गेलेली पिशवी माशाच्या पोटात सापडते, तसं त्याचं होत नाही.

हे काही मी शोधलेलं नव्हतं. जगभर त्यावर काम चाललं होतं. पण आमच्यासारख्या ठिकाणी उष्णतेत रमणाऱ्या जिवाणूंचा एक मोठा फायदा होता. साध्या तापमानाला वाढणाऱ्या जिवाणूंच्या भांड्यात हवेतले चार उपटसुंभ शिरतात आणि सगळं नासवून टाकतात. पंचावन्न अंशांवर ते उपटसुंभ टिकतच नाहीत. आमच्या खिडक्या धड बंद होत नसत, दमट हवेत भिंतींना बुरशी यायची, तरी माझी भांडी नासत नसत. मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेला जे जमवायला खूप खर्च येतो, ते मला फुकट मिळत होतं. याचं मला तेव्हाही फार बरं वाटायचं.

पहिला पापुद्रा मी घरी घेऊन आले. आईने तो चष्म्यासमोर धरला, खिडकीकडे केला.

"घावनासारखं दिसतंय," ती म्हणाली आणि कोपऱ्याला धरून जरा वाकवला. तो कटकन तुटला. "मोडलं गं."

"मोडणारच. अजून नरम नाही झालेलं."

"मग नरम कर," आई म्हणाली. तिने दोन्ही तुकडे बशीत ठेवले, वर दुसरी बशी झाकली आणि फळीवर ठेवून दिले, जणू सणाचं काही उरलं होतं.

दोन-अडीच वर्षं अशी गेली. मग लॉकडाऊन आला. कॉलेज बंद झालं. प्राचार्यांकडून मी परवानगी घेतली आणि दर दोन-तीन दिवसांनी एकटीच जाऊन जिवाणूंना नवं खाणं घालून यायची. हा माझा जिवाणू जरा नाजूक होता. साध्या फ्रिजमध्ये तो टिकत नसे. डीप फ्रीझरमध्ये त्याच्या काही नळ्या होत्या आणि बाकीचा ओव्हनमध्ये जिवंत. एक नमुना देशातल्या जिवाणूंच्या संग्रहालयात पाठवायचा ठरला होता, खोकंही भरलं होतं, पण कुरियर बंद झालं आणि ते खोकं तसंच राहिलं.

आणि जूनच्या सुरुवातीला वादळ आलं.

ज्यांनी ते पाहिलं त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी नाही पाहिलं त्यांना सांगून कळायचं नाही. आम्ही दोघी माजघरात पलंगाखाली गाद्या ओढून बसलो होतो. वरून कौलं एकेक करून जात होती, ती मातीची भांडी फुटल्यासारखी ऐकू यायची. वाडीतून सुपाऱ्या मोडल्याचे आवाज यायचे. सुपारी वाकत वाकत जाते आणि मग मध्येच कडाडते. आई प्रत्येक आवाजाला नुसती मान हलवायची. दुपारनंतर वारा पडला. बाहेर आलो तर वाडी राहिलीच नव्हती. उभे होते ते थोडे नारळ, तेही शेंडे पिळवटलेले. आई पायरीवर बसली. मग म्हणाली, "तुझ्या कॉलेजचं काय झालं असेल?"

दुसऱ्या दिवशी मी चालतच गेले. रस्ताभर झाडं आणि विजेचे खांब आडवे पडले होते. प्रयोगशाळेची एक खिडकी चौकटीसकट आत आली होती आणि फरशीवर पाणी साचलं होतं. सूक्ष्मदर्शक कपाटात होते, ते वाचले. पण ओव्हन थंडगार पडलं होतं आणि फ्रीझरच्या दारातून पाणी ठिबकत होतं. कॉलेजचा जनरेटर गावाने पाण्याच्या पंपासाठी नेला होता, आणि ते बरोबरच होतं. लोकांना प्यायला पाणी नव्हतं.

मी नळ्या रुमालात गुंडाळून घरी आणल्या. चुलीवर पाणी तापवायचं, त्या पाण्यात नळ्या ठेवायच्या, पाणी कोमट झालं की पुन्हा तापवायचं, असं सुरू केलं. लाकडं भिजलेली होती. धुराने डोळे चुरचुरायचे. आई आणि मी पाळीपाळीने बसायचो, पण दोन दिवसांत आम्ही दोघी थकून गेलो आणि कोरडी लाकडंही संपत आली. वीज कधी येईल हे कुणालाच सांगता येत नव्हतं. खांबच उरले नव्हते, तर तारा कशावर ओढणार?

"मर्यादा असते गं," आई म्हणाली. तिच्या आवाजात समजूत होती. "जा, जरा बाहेर जाऊन ये. बाजारपेठेत पाव मिळतोय म्हणे. मिळाला तर आण."

पाव खरंच मिळत होता. बाजारपेठेच्या टोकाला एक जुनी बेकरी आहे, लाकडाच्या भट्टीची. विजेवर चालणाऱ्या बाकीच्या बेकऱ्या बंद पडल्या होत्या. ही एकच चालू होती. तिचेही अर्धे पत्रे उडाले होते, वर निळी ताडपत्री बांधली होती. बेकरीवाले चाचा साठीचे असतील. ते आणि चाची, दोघंच त्या दिवसांत काम करत होते, कारण कामाची माणसं लॉकडाऊनमध्ये गावी गेली होती. लोक तोंडाला रुमाल बांधून लांब लांब उभे होते. मी रांगेत पुढे सरकत गेले आणि दारापाशी आले तसा आतून कोरडा, गरम वारा अंगावर आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कपड्यांतला ओलसरपणा गेल्यासारखा वाटला. मग माझ्या डोक्यात ते आलं.

माझा नंबर आला. मी पाव घेतला आणि बाजूला उभी राहिले. गर्दी ओसरल्यावर म्हणाले, "चाचा, एक विचारायचं होतं. तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल."

"बोल की बाय."

मी सांगितलं. जिवाणू हा शब्द मी टाळला नाही. त्या दिवसांत जंतू म्हटलं की लोक हात मागे घ्यायचे, आणि मी एका पाववाल्याला त्याच्या भट्टीपाशी जंतू ठेवून घे म्हणत होते. माझं मलाच ते किती विचित्र आहे हे कळत होतं.

चाची आतून पुढे आल्या. पदराने हात पुसत म्हणाल्या, "कोणाला आजार व्हायचा न्हाय ना त्यानं?"

"नाही. हे रोगाचे नाहीत. माणसाच्या अंगात ते वाढूच शकत नाहीत, अंग त्यांना थंड पडतं. उन्हेऱ्याच्या कुंडातले आहेत."

"गरम पाण्याच्या?" चाचांनी विचारलं.

"हो. तिथूनच आणले."

ते चाचींकडे वळले. "अम्मी जायची बघ तिथं. कमरेसाठी." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बाय, पिठाच्या खोलीत मी काय ठेवू देणार न्हाय. लोकांच्या तोंडातला घास हाय. पण भट्टीच्या पाठीमागं, जिथं लाकडं सुकत घालतो, तिथं जागा हाय. तिथली भिंत चोवीस तास तापलेली असते. ते चालेल?"

"चालेल," मी म्हणाले.

"आणि कोणी विचारलं तर मी खरं सांगणार. लपवाछपवी न्हाय."

"तसंच करा," मी म्हणाले.

त्याच संध्याकाळी मी नळ्या घेऊन गेले. आईच्या त्या डब्यात वाळू भरली होती, वाळूत नळ्या खोचल्या होत्या आणि सोबत तापमापक होता. भट्टीची मागची भिंत विटांची, मातीने लिंपलेली. धुराड्याजवळ ठेवलं तर पारा सरसर वर जायचा. लांब ठेवलं की खाली यायचा. चाचा आणि मी डबा सरकवत बसलो. मी तापमापक वाचायची, ते डबा हलवायचे, मग दोघं वाट बघायचो. पहाटेची मोठी भाजणी झाली की भिंत जास्त तापायची, दुपारी उतरायची. शेवटी डब्याखाली एक जादा वीट ठेवली तेव्हा जमलं. चाचांनी तिथे खडूने रेघ मारली आणि चाचींना सांगितलं, "हा इथून हलवायचा न्हाय."

दोन दिवस बरं चाललं. मग पेठेत बोललं जाऊ लागलं की कॉलेजच्या बाईने बेकरीत जंतू आणून ठेवलेत. मला ते आईकडून कळलं, आईला भाजीवालीकडून. काही लोक पाव न घेता परत गेले होते. मी ताबडतोब डबा परत आणायला निघाले. दुसऱ्याच्या पोटावर पाय देऊन मला ते काम करायचं नव्हतं.

"थांब," आई म्हणाली. "मी येते."

आईला तेवढं चालणं सोपं नव्हतं, आणि रस्त्यात अजून फांद्या पडलेल्या होत्या. तरी ती काठी घेऊन निघाली. बेकरीपाशी पोचल्यावर ती बाहेरच्या बाकावर बसली आणि चाचांना म्हणाली, "मला दोन पाव द्या. आणि चहा असेल तर घोटभर."

चाचींनी चहा आणून दिला. आई पाव बुडवून खाऊ लागली. समोर हार्डवेअरचं दुकान असलेला एक गृहस्थ उभा होता. तो आईचा चौथीतला विद्यार्थी, आता त्याला नातवंडं झालेली.

"बाई, तुम्ही इथला पाव खाताय?" तो म्हणाला. "आत काय ठेवलंय ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. माझ्याच डब्यात ठेवलंय. तू दही खातोस का?"

"खातो ना."

"ते लागतं कशामुळे?"

आजूबाजूचे दोघे-तिघे हसले. आईने मग त्याला शाळेत सांगावं तसं सगळं सांगितलं: कोणते जिवाणू, कुठले, कशासाठी, ते का मरू द्यायचे नाहीत, आणि पिठाच्या खोलीत ते का नाहीत. तिला इतकं सगळं माहीत आहे हे मला माहीत नव्हतं. रात्री जेवताना मी जे बडबडायची ते ती ऐकत होती तर. शेवटी म्हणाली, "ज्याला अजून शंका असेल त्याने माझ्या घरी यावं. घराला कौलं नाहीत, पण बसायला जागा आहे."

घरी कुणी आलं नाही. हार्डवेअरवाल्याने मात्र त्याच दिवशी पाव घेतला, आणि चार दिवसांनी आमच्या छपरासाठी ताडपत्री आणि खिळे पाठवून दिले.

डबा तिथेच राहिला. माझ्याकडचं जिवाणूंचं खाणं संपलं तेव्हा पुन्हा प्रश्न आला. घरी तांदूळही मोजकेच होते. चाचींनीच विचारलं, "मैदा चालल काय त्यांना?"

चालायला हरकत नव्हती. पिठूळच तर हवं होतं. चाची पातेल्यात मैद्याची पातळ पेज शिजवायच्या, खूप उकळवायच्या आणि मी ती गाळून नळ्यांत भरायची.

"मीठ घालू?" पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं.

"चिमूटभर."

"आणि साखर?"

"नको. साखरेची सवय नाही त्यांना."

"बरी लेकरं हायत," चाची म्हणाल्या.

ते जगतायत की नाही हे बघायचं तर सूक्ष्मदर्शक हवा, आणि वीज नव्हती. कॉलेजच्या कपाटात एक जुना आरशाचा सूक्ष्मदर्शक होता. आरसा उजेडाकडे वळवायचा, की झालं. तो मी बेकरीच्या मागच्या अंगणात आणला. पाऊस थांबला होता, ढगांतून जरा ऊन आलं होतं. काचेवर थेंब टाकून मी काळा रंग दिला, धुतला, वरून गुलाबी रंग दिला आणि डोळा लावला. गुलाबी पेशी आणि त्यांच्या पोटात काळे ठिपके. पेशी भरलेल्या होत्या. मैद्याच्या पेजेवर त्यांनी साठा करायला सुरुवात केली होती.

मी चाचींना बोलावलं. त्यांनी चष्मा काढला, डोळा लावला, मग दुसरा डोळा मिटायचा कसा ते मला विचारलं. मी हाताने त्यांचा दुसरा डोळा झाकला.

"हे काळं काळं काय हाय पोटात?"

"तेच प्लास्टिक. खायला मिळालं की साठवून ठेवतात. पुढे नाही मिळालं तर उपयोगी पडावं म्हणून."

त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आपण करतो तीच पावसाळ्याची बेगमी की. सुकी मच्छी, मिरची, तांदूळ."

"तसंच."

"आणि तू ती बेगमी काढून घेणार त्यांच्याकडून."

मी हसले. त्याही हसल्या. चाचा आतून विचारत होते की काय झालं, आणि चाचींनी त्यांना बोलावून त्यांचाही डोळा लावला. त्या वर्षी आमच्या घरी, बेकरीत, सगळ्या पेठेतच फारसं हसण्यासारखं काही नव्हतं. सगळ्यांची घरं उघडी पडली होती, वाड्या गेल्या होत्या आणि आजारपणाची भीती तर होतीच. पण त्या अंगणात आम्ही तिघं एका काचेवर वाकून उभे होतो, आणि आपल्याला काही कमी आहे असं निदान मला तरी त्या घटकेला वाटत नव्हतं.

वीज यायला कित्येक आठवडे लागले. पेठेत आली तेव्हा कॉलेजात नव्हती, कॉलेजात आली तेव्हा ओव्हनची तार जळलेली निघाली. तोवर डबा भट्टीमागेच राहिला. फोन नीट लागायला लागल्यावर मी मुंबईला मॅडमना सगळं सांगितलं.

"प्रबंधात काय लिहिशील?" त्यांनी मग विचारलं. "जिवाणूंचा संवर्ध कुठे जतन केला?"

"खरं आहे तेच. लाकडाच्या भट्टीच्या मागच्या भिंतीवर."

"तसंच लिही," त्या म्हणाल्या. "आणि तापमान किती अंशांनी वरखाली होत होतं तेही लिही. परीक्षक विचारतील."

परीक्षकांनी खरंच विचारलं. मी उत्तर दिलं. त्यांतल्या एकांनी पुढचा प्रश्न शास्त्राचा विचारलाच नाही. पाव कसा होता, एवढंच विचारलं.

पुढे कुरियर सुरू झालं तसा नमुना संग्रहालयात गेला. आता तो तिथे सुरक्षित आहे आणि माझ्या मनावरचं एक ओझं उतरलं आहे. प्लास्टिक नरम करायलाही जमलं. पेजेसोबत एक आम्लही थोडं थोडं घालत गेलो, तर जिवाणू जे साठवतात त्याची घडणच बदलते आणि पापुद्रा वाकतो. दुसऱ्यांच्या कामातून हे मला माहीत होतं, पण आमच्या जिवाणूला किती आणि कधी द्यायचं हे शिकण्यात आणखी दोन वर्षं गेली. माझ्या विद्यार्थिनींनी त्यात माझ्यापेक्षा जास्त चिकाटी दाखवली.

वादळानंतर सगळ्या किनाऱ्यावर पुन्हा लागवड चालू झाली होती. रोपवाटिकांतून सुपारीची आणि नारळाची रोपं ट्रक भरभरून यायची, प्रत्येक रोप काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत. रोप लावलं की पिशवी फाडून फेकायची. ओढ्यांत, कुंपणांवर, समुद्राच्या काठाला सगळीकडे त्या फाटक्या पिशव्या अडकलेल्या दिसायच्या. म्हणून आम्ही आधी रोपांच्या पिशव्याच करायला घेतल्या. माणगावकडच्या एका रोपवाटिकेच्या मालकीणबाईंनी तयारी दाखवली. त्यांनी आमच्या थोड्याशा पिशव्यांत सुपारीची रोपं वाढवून दिली आणि ती पिशवीसकट आमच्या वाडीत लावली. काही पिशव्या लावायच्या आधीच फुटल्या होत्या. बाईंनी तक्रार केली नाही. कुठे फुटल्या ते मला बोट लावून दाखवलं आणि म्हणाल्या, शिवण बदला. आम्ही बदलली.

चाचांना मी हे सगळं सांगत असते. एकदा त्यांनी विचारलं, पावासाठी कधी करणार? आम्ही एक पिशवी करून नेली. त्यांनी त्यात पाव भरले, दुसऱ्या दिवशी मला बोलावलं आणि एक पाव हातात दिला. तो खडखडीत वाळला होता. आमच्या पापुद्र्यातून ओलावा निघून जातो. "टोस्ट झालं," चाचा म्हणाले आणि चाचींनी तो चहासोबत मला खायला घातला. त्या पिशवीवर आमचं काम अजून चालू आहे. मोठ्या कंपन्या असं प्लास्टिक पुष्कळ प्रमाणात करतात, आमच्या कॉलेजात होतं ते मूठभर. आमच्यामुळे समुद्र स्वच्छ होईल असं मी कधी म्हणत नाही. कुणी म्हणालं तर मी त्याला थांबवते.

पण गेल्या उन्हाळ्यात वाडीतलं एक रोप काढावं लागलं, चुकीच्या जागी लागलं होतं. मी खणत होते, आई खुर्ची टाकून बसली होती. मातीचा गड्डा वर आला. मी तो पाण्याने हळूहळू धुतला. पिशवीचा तळ उरलाच नव्हता. बाजूला जाळीसारखे, भोकाभोकांचे दोन-तीन पातळ तुकडे होते, आणि त्या भोकांतून पांढरी मुळं सरळ बाहेर गेली होती. मी एक तुकडा आईच्या तळहातावर ठेवला. तिने तो बोटाने दाबला, तर त्याचा चुरा झाला.

"मोडलं," ती म्हणाली, आणि मग लगेच, "या वेळी मोडायलाच हवं होतं ना?"

"हो."

तिने हात झटकला. रोप परत लावायला नवा खड्डा कुठे घ्यायचा ते तिने काठीने दाखवलं, विहिरीपासून जरा लांब, जिथे दुपारची सावली येते. मी खणायला लागले. ती मला सांगत राहिली, आणखी खोल, आणखी थोडं, आणि मी तिचं ऐकत राहिले.